हातघंटांचे संगीत : सोपे कोणते, अवघड कोणते?

पोळ्याच्या संध्याकाळी पांढुर्णा किंवा सौंसरच्या आसपासच्या कोणत्याही खेड्यात जावे. शिंगे रंगविलेले, झुली पांघरलेले बैल तोरणाखाली उभे असतात आणि त्यांच्या गळ्यांतील घुंगरमाळांचा नाद साऱ्या आखरभर पसरलेला असतो. त्या गलबल्यातही डोळे मिटून आपल्या जोडीचा आवाज ओळखणारे म्हातारे आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जाम नदीवर गोटमार होते व तो गोड नाद दगडांच्या वर्षावात हरवून जातो. पण तो विषय निराळा. येथे सांगावयाचे ते इतकेच, की आमच्या भागातील माणसाचा कान घंटेला परका नाही. भजनातील टाळ, शाळेच्या ओसरीवर टांगलेला रुळाचा तुकडा, रानातून परतणाऱ्या गाईच्या गळ्यातील घंटा, आणि आम्हां कॅथलिक कुटुंबांच्या बाबतीत वेदीच्या पायरीवर ठेवलेली ती छोटी घंटा, यांच्यातच आमचे बालपण गेले.

ही शेवटची घंटा आम्ही स्वतः वाजविली आहे. वेदीसेवक असताना एकदा ती आमच्या हातून दोन क्षण आधी वाजली. याजक अद्याप हात पसरून प्रार्थना म्हणत होते; मागे मात्र सारी मंडळी मस्तक लववून मोकळी झाली! त्या दिवशी आम्हांला एक गोष्ट कळली. शंभर जणांच्या गाण्यात एकाचा चुकलेला सूर खपून जातो. घंटेचा एकच चुकलेला ठोका साऱ्या देवळाला कळतो.

आता वाचकांनी अशी कल्पना करावी, की एखादे संपूर्ण गीत अशाच घंटांवर वाजवावयाचे आहे. एका लांब मेजावर जाड गादी अंथरली आहे, तिच्यावर स्वरांत मिळविलेल्या लहानमोठ्या घंटा आडव्या ठेवल्या आहेत, आणि मेजामागे आठ-दहा मुले-मुली उभी आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला दोनच घंटा, म्हणजे दोनच स्वर. गीत पुढे सरकते तसा ज्याचा स्वर येईल त्याने आपली घंटा वाजवावयाची आणि स्वर संपताच ती खांद्याशी टेकवून तिचा नाद मिटवावयाचा. कोणा एकाला सारे गाणे वाजविता येत नाही; सारे मिळून मात्र ते वाजते. यालाच हातघंटांचे संगीत म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक देवळांत ते नाताळला व पुनरुत्थानाच्या सणाला ऐकावयास मिळते.

आमच्या संत्र्यांच्या मुलुखात या दूरदेशीच्या घंटांचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. या घंटावाल्यांनी आपल्या संगीताला शाळेसारख्या इयत्ता लावल्या आहेत. कोणते गीत कोणाला झेपेल, हे ते आधी ठरवितात आणि मग घंटा हाती घेतात. आमच्याकडे हा विचार होत नाही, आणि न झाल्यामुळे काय होते ते आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो आहोत. ती चूक आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्याशा गायकवृंदासाठी नाताळचे एक गीत आम्हीच निवडले होते. शहरातील मोठ्या देवळात ते चार आवाजांत ऐकले आणि मोहून गेलो. आगमनकाळ सुरू झाला तेव्हा सरावास बसलो. परंतु नेमके तेच दिवस आंबिया बहराच्या संत्र्यांच्या तोडणीचे व कापूस वेचणीचे. आज चार मुली आल्या तर उद्या दुसऱ्याच तिघी. मध्यरात्रीच्या मिस्सेत पहिले कडवे कसेबसे पार पडले. दुसऱ्या कडव्यात आवाज एकमेकांत गुंतले, आणि तिसरे कडवे जिने एकटीने उचलावयाचे होते ती बारा-तेरा वर्षांची मुलगी पदर चावीत तशीच उभी राहिली. पेटी एकटीच शेवटपर्यंत वाजत राहिली. मिस्सेनंतर आम्ही मुलांना ‘सराव केला नाही’ म्हणून बोललो. पुढच्या नाताळला ती मुलगी आमच्यात उभी राहिली नाही. आज वाटते, बोलून घ्यावयास हवे होते ते निवडणाऱ्याने.

असो. घंटांकडे वळू.

घंटेचा धातू आपल्या घरातलाच आहे. तांबे सुमारे चार भाग आणि कथील एक भाग, म्हणजे आपले कासे. ज्या काशाच्या वाटीने आजी तळपाय घासते आणि ज्या काशाचे टाळ भजनात वाजतात, त्याच जातीच्या धातूपासून हातघंटा ओततात. फरक लोलकात आहे. साधी घंटा हलविली की लोलक हवा तसा आपटतो व ती किणकिणत राहते. हातघंटेचा लोलक पुढे-मागे एकाच दिशेने हलतो, आणि एक ठोका पडताच बारीकशी कमान त्याला मागे धरून ठेवते. म्हणून एका हालचालीत एकच ठोका पडतो. हा एक ठोका नेमक्या क्षणी पाडणे व नेमक्या क्षणी मिटविणे, एवढीच या वाद्याची सारी विद्या. शिकावयास पाच मिनिटे लागतात. दहा जणांनी मिळून ती साधावयास वर्षे लागतात.

या घंटांचा जन्म मनोऱ्यातील मोठ्या घंटांपासून झाला, आणि त्या मोठ्या घंटांचे एक उदाहरण आपल्या मराठी मुलुखात आहे. पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन वाचकांना ऐकून ठाऊक असेल. १८९० साली रानडे-टिळकांच्या चहाचे ते गाजलेले प्रकरण तेथेच घडले. तेथील पवित्र नाम देवालय आपल्या कॅथलिक पंथाचे नाही, पण त्याच्या उंच मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे, आणि तो इंग्लंडातील लफबरो गावच्या टेलर यांच्या ओतशाळेतून आलेला आहे. अशा संचातील प्रत्येक घंटेला एक दोर व प्रत्येक दोराला एक माणूस. इंग्रजी पद्धतीने टांगलेली घंटा मोठ्या चाकासह पूर्ण गिरकी घेते. तिला घाई करता येत नाही. त्यामुळे तिच्यावर गाण्याची चाल वाजत नाही, फक्त घंटांचा क्रम बदलता येतो. पहिल्याने आधी वाजावे की दुसऱ्याने, असा तो खेळ. चार घंटांचे चोवीस क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५,०४० आणि आठांचे ४०,३२०. एकही क्रम पुन्हा येऊ न देता सात घंटांचे सारे क्रम वाजवावयास सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे सर्व ४०,३२० क्रम १९६३ च्या जुलैमध्ये त्याच लफबरोच्या ओतशाळेतील मनोऱ्यात आठ माणसांनी न थांबता, न बदलता वाजविले. त्यांना १७ तास ५८ मिनिटे लागली. एवढा वेळ दोर न सोडणाऱ्यांनी पाण्याचे काय केले असेल, असा प्रश्न आम्हांला पडल्यावाचून राहिला नाही.

या विद्येची पायरी ठरलेली आहे. नवशिक्याने आधी एकट्याने दोर सांभाळावयास शिकावे, मग इतरांबरोबर सरळ क्रम वाजवावा, आणि त्यानंतर क्रम बदलावयास लागावे. पायरी गाळणाऱ्याला दोर वर खेचून नेतो, म्हणून तेथे पायरी कोणी गाळीत नाही. हा गुंतागुंतीचा क्रम तोंडपाठ व्हावा, आणि सरावाच्या वेळी साऱ्या गावाची झोप उडू नये, म्हणून तीनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील या मंडळींनी हातात धरावयाच्या लहान घंटा घरी बसून वाजविण्यास आरंभ केला. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले, की या लहान घंटांना घाई करता येते, तेव्हा यांच्यावर गाणीही वाजतील. १८४० च्या दशकात तमाशे दाखविणारा अमेरिकन गृहस्थ बार्नम याने लँकेशायरच्या इंग्रज घंटावाल्यांना स्विस पोशाख चढवून ‘स्विस घंटावादक’ म्हणून लोकांपुढे उभे केले, आणि लोकांनी विश्वासही ठेवला!

अमेरिकेत ही कला रुजविली ती बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ या बाईंनी. १९०२ साली त्यांनी लंडनमध्ये मनोऱ्यातील घंटा वाजवून दाखविल्या. तेथील व्हाइटचॅपल ओतशाळेकडून त्यांना हातघंटांचा संच भेट मिळाला, तो घेऊन त्या घरी परतल्या. (ही ओतशाळा १५७० पासूनची म्हणून प्रसिद्ध होती, व्हाइटचॅपलमधील तिचे काम २०१७ मध्ये बंद पडले.) १९५४ साली अमेरिकेतील हातघंटावादकांचा संघ स्थापन झाला, त्यातही त्या पुढे होत्या. आज घंटागीतांच्या मुखपृष्ठांवर एकपासून सहापर्यंत जो आकडा दिसतो, तो याच संघाच्या पद्धतीचा. आकड्याबरोबर कधी अधिकाचे, कधी उण्याचे चिन्ह असते. म्हणजे दुसरीतील थोडे वरचे, तिसरीतील थोडे खालचे, असे.

पहिल्या इयत्तेत स्वर लांब, लय संथ, ताल साधा, आणि प्रत्येकाने आपल्याच दोन घंटा सांभाळावयाच्या. वर चढावे तसतसे स्वर आखूड होतात, एका मात्रेत दोन-दोन, चार-चार ठोके येतात, मध्येच पट्टी बदलते, मग हातातील घंटा ठेवून कोमल किंवा तीव्र स्वराची दुसरी उचलावी लागते, ताल बदलतो, घंटा थरथरविणे, अंगठा लावून नाद दाबणे, गादीवर टेकवून वाजविणे, काठीने ठोकणे, एका हातात दोन घंटा धरणे, असे निरनिराळे प्रकार येतात. सहावी इयत्ता ज्यांचे आयुष्यच यात गेले अशांसाठी आहे. ही पद्धत निघाली ती गरजेपोटी. गीताची पाने टपालाने मागवावयाची असतात आणि मागविणाऱ्याने ते गीत ऐकलेले नसते. ऐकले असले तरी उपयोग थोडाच, कारण कानाला सोपे वाटणारे घंटेवर सोपे असेलच असे नाही. दुडदुड धावणारी चाल दहा हातांत वाटली गेली की प्रत्येकाला थोडेच काम उरते. उलट संथ गंभीर स्तोत्रात पाच घंटा एकाच क्षणी वाजाव्या लागतात व एकाच क्षणी मिटाव्या लागतात. तेथे एकाचा हात केसभर मागे राहिला तरी उघडे पडते.

पण हा आकडाही पुरेसा नाही, आणि हीच गोष्ट आम्हांला मुख्यतः सांगावयाची आहे. आकडा साऱ्या गीताला एकच असतो. वाजविणारे मात्र दहा असतात आणि त्या दहांची अडचण दहा तऱ्हेची असते.

वाचकांच्या परिचयाचे एक गीत घेऊ. ‘सायलेंट नाइट’ ही नाताळची चाल आपल्या देवळांतून मराठी शब्दांतही गातात. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी ती प्रथम गायिली गेली. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे आणि चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची. ही साधी चाल आम्ही पेटीवर बसून स्वरास्वराने मोजली. आपल्या सरगमात ती मध्य सप्तकातील ‘सा’पासून तार सप्तकातील ‘म’पर्यंत जाते, म्हणजे अकरा शुद्ध स्वर. एका कडव्यात ठोके पडतात ४६.

हे ४६ ठोके कसे वाटले जातात ते पाहण्यासारखे आहे. ‘प’ अकरा वेळा येतो आणि ‘ध’ दहा वेळा. तार ‘सा’ सहा, ‘ग’ पाच, तार ‘रे’ पाच, ‘नी’ चार. राहिलेले पाच स्वर, म्हणजे मध्य सप्तकातील ‘सा’, ‘रे’ व ‘म’ आणि तार सप्तकातील ‘ग’ व ‘म’, हे साऱ्या कडव्यात एकेकदाच येतात! सहा मुलांना खालपासून वर ओळीने दोन-दोन घंटा दिल्या (सहाव्याला अर्थात एकच), तर पहिल्याला दोन ठोके, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला एकवीस, चौथ्याला दहा, पाचव्याला सहा आणि सहाव्याला एक. गीत एकच, इयत्ता एकच; पण ‘प-ध’ वाल्या मुलाला श्वास घ्यावयास फुरसत नाही, आणि तार ‘म’ वाला मुलगा सारे कडवे हात जोडल्यासारखा उभा आहे.

कोणाचे काम अवघड? पाहणारा म्हणेल, एकवीस ठोकेवाल्याचे. त्याला खरोखरच चपळाई पाहिजे. ‘प’ मिटवीत ‘ध’ वाजवावयाचा आणि लगेच ‘ध’ मिटवून ‘प’. पण तो सतत गाण्याच्या आत असतो. चुकला तरी पुढच्याच मात्रेत सावरतो. सहाव्याचे तसे नाही. त्याने चौतीस ठोके दुसऱ्यांचे ऐकावयाचे, मोजावयाचे, आणि पस्तिसाव्याला आपली एकुलती एक घंटा वाजवावयाची. आणि ती पडते नेमकी गीताच्या सर्वांत उंच टोकावर. ती चुकली तर सावरावयास दुसरा ठोका नाही. आमच्या वेदीवरच्या घंटेसारखेच हे. म्हणून ‘याला काही येत नाही, याला कमी काम द्या’ असे म्हणून सर्वांत बुजऱ्या मुलाला टोकाची घंटा देणे म्हणजे त्याचे भले करणे नव्हे. त्याला मधली ‘ग-म’ द्यावी. तेथे सहा ठोके आहेत, चार ओळींच्या शेवटी विसाव्याच्या जागी तोच ‘ग’ येतो, आणि मुलाला आपली पाळी आधीच ऐकू येते. टोकाची घंटा स्थिर डोक्याच्या मुलीला द्यावी. हात चपळ नसला तरी चालेल. आणि ‘प-ध’ एकाकडे न ठेवता दोघांत वाटावे, म्हणजे सातवे मूलही उभे राहील.

अनुभवी घंटागुरू हेच करतात. गीत मागविल्यावर आकड्यावर विसंबून न राहता ते पाने घेऊन बसतात, प्रत्येक वादकाचे स्वर वेगळ्या रंगाने घेरतात, आणि कोणाच्या वाट्याला काय येते ते सरावाआधी पाहतात. घंटांच्या पानावर स्वर लिहिला असतो त्याहून प्रत्यक्षात सप्तकभर वर वाजतो. पण मुलांना त्याचे सोयरसुतक नसते. त्यांना आपला रंग दिसला म्हणजे झाले. ज्याला वाचता येत नाही असे मूलही लाल खूण आली की उजवी घंटा आणि निळी आली की डावी, एवढे दोन दिवसांत शिकते. आणखी एक गोष्ट त्या पानांवरूनच कळते. गायकवृंदात एक जण आला नाही तर आवाज थोडा पातळ होतो. घंटावृंदात एक जण आला नाही तर गाण्याला दोन भोके पडतात. म्हणून तेथे गीत निवडताना गुणी मुलाकडे पाहून चालत नाही. जे मूल दर शनिवारी खात्रीने येईल त्याच्याकडे पाहून निवड होते.

आम्ही हा हिशेब आधी केला असता, तर त्या मुलीच्या वाट्याला एकटीने उचलावयाचे कडवे आहे हे आम्हांला पहिल्याच दिवशी दिसले असते. आम्ही गीताची उंची पाहिली. ती कोणाच्या खांद्यावर आहे, हे पाहिले नाही.

आपल्या पवित्र देऊळमातेनेही गायनाला पायऱ्या लावल्या आहेत, हे पुष्कळांच्या गावीही नसते. व्हॅटिकन धर्मपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात उपासनेस शोभतील अशी निरनिराळी वाद्ये, धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने, वापरण्यास वाव ठेवला. त्यानंतर ५ मार्च १९६७ रोजी पवित्र संगीताविषयी ‘मूसिकाम साक्राम’ हा निर्देश निघाला. त्यात मिस्सेतील गायनाचे तीन क्रम सांगितले आहेत. पहिल्या क्रमात याजक व मंडळी यांचे संवाद, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ इत्यादी. दुसऱ्यात ‘हे प्रभो, दया कर’, ‘गौरव’, मतांगीकार, ‘देवाच्या कोकरा’ इत्यादी. तिसऱ्यात प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत वगैरे. आणि नियम असा, की पहिला क्रम एकटा गायिला तरी चालेल. दुसरा आणि तिसरा मात्र पहिल्यावाचून कधीही गाऊ नयेत.

आमच्याकडे काय होते? तिसरा क्रम जोरात आणि पहिला तोंडातल्या तोंडात. प्रवेशगीताला पेटी, तबला, खंजिरी सारे हजर. आणि याजकाने गाऊन ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हटले की उत्तर मात्र पुटपुटत. जी पायरी म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सर्वांना चढता येते ती गाळून आम्ही निवडक गळ्यांची पायरी गाठतो. हा दोष केवळ आमच्या भागाचा नव्हे. पण आमच्या भागात तो अधिक जाचतो, कारण आमची मंडळी थोडी, घरे दूरदूर, आणि मुले कोणी मराठी शाळेत तर कोणी हिंदी शाळेत. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. जिल्ह्याची पाटी बदलली, पण रविवारी देवळात जमणारी माणसे तेवढीच आहेत. चार आवाजांचे गीत त्यांच्यावर लादणे म्हणजे दोन बैलांच्या गाडीला चार बैलांचे ओझे होय.

आता करावयाचे ठरविले तर काय करता येईल? हातघंटांचा पुरा संच महाग असतो. दोन सप्तकांच्या संचात पंचवीस घंटा येतात, तीन सप्तकांच्या संचात सदतीस. छोट्या धर्मग्रामाने त्याची हाव धरू नये. पण विद्या शिकावयास घंटाच हव्यात असे नाही. जलतरंग आपल्या देशाचेच वाद्य आहे. चिनी मातीचे आठ वाडगे, पाणी आणि बांबूच्या काड्या एवढ्यात काम भागते. पाणी वाढविले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. पेटीशी मिळवून ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत आठ स्वर लावावे आणि आठ मुलांपुढे एकेक वाडगा ठेवावा. बोट लावले की नाद मिटतो. आपल्याच मध्य प्रदेशात मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या साथीनंतर पोरक्या झालेल्या मुलांना जमवून वाद्यवृंद उभा केला. त्यातील नलतरंग हे वाद्य त्यांनी बंदुकीच्या नळ्यांचे बनविले होते. साधन नाही ही सबब त्यांच्यापुढे टिकली नसती.

आठ स्वरांत ‘सायलेंट नाइट’ बसणार नाही; त्याला अकरा लागतात हे वर आलेच आहे. ‘जॉय टू द वर्ल्ड’ मात्र बसते. त्याची पहिली ओळ म्हणजे वरच्या ‘सा’पासून खालच्या ‘सा’पर्यंत उतरत आलेले आठ स्वर, ओळीने उभ्या असलेल्या आठ मुलांनी एकामागून एक आपला एकेक ठोका दिला की ओळ झाली. कोणाला अधिक नाही, कोणाला उणे नाही. अर्थात तेवढ्यावर थांबावे. पुढे त्याच चालीत ‘ग’ लागोपाठ पाच वेळा झपाझप येतो आणि तो वाजविणारे मूल रडकुंडीस येते. नाताळला मंडळी गाणार असेल तेव्हा प्रत्येक कडव्यापूर्वी मुलांनी ही एकच ओळ वाजवावी व बाकीचे गाणे मंडळीने गळ्याने म्हणावे. धर्मगुरूंना विचारून घ्यावे, आणि सराव संत्रा तोडणीच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच सुरू करावा. आगमनकाळाची वाट पाहू नये.

आणि ज्यांना एवढेही जमणार नाही असे वाटते, त्यांच्यासाठी पुनरुत्थानाची रात्र आहे. पवित्र गुरुवारी ‘गौरव’ स्तोत्रानंतर देवळातील घंटा मुक्या होतात. कोठे कोठे त्यांच्याऐवजी लाकडी खटखटे वाजवितात. शनिवारी रात्री जागरणाच्या उपासनेत पुन्हा ‘गौरव’ सुरू झाले की त्या साऱ्या एकदम वाजू लागतात. मनोऱ्यातली वाजते, वेदीवरली वाजते. घरून आणलेली गाईच्या गळ्यातली घंटा कोणी वाजविली तरी आमच्या देवळात कोणी हटकीत नाही. त्या संगीताला इयत्ता नाही, मिळविलेले स्वर नाहीत, रंगीत खुणा नाहीत. अवघड आहे ते फक्त शेवटी. स्तोत्राचा अखेरचा ‘आमेन’ झाला, की सगळ्यांनी एकाच वेळी थांबावयाचे असते, आणि दर वर्षी मागच्या बाकावरचे एखादे पोर दोन ठोके जास्तच वाजविते.